विमानवाहू नौका हवीच, पण तिसरी म्हणून नव्हे

नागपुरातून समुद्र कुठल्याही दिशेला पाचशे किलोमीटरहून लांब आहे. शस्त्रास्त्रं मात्र इथे घरचीच. वायुसेनानगरात हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आहे, अंबाझरीच्या आयुध निर्माणीत पिनाका रॉकेटचं काम चालतं, मिहानमध्ये दसॉल्टच्या विमानांचे सुटे भाग बनतात, ब्रह्मोसचं युनिट आहे. अमरावती रोडवर बाजारगावजवळच्या सोलर समूहाने बनवलेल्या नागास्त्र या आत्मघाती ड्रोनची १२० नगांची पहिली खेप २०२४ च्या जूनमध्ये पुलगावच्या दारूगोळा भांडारात पोचलीसुद्धा. त्यामुळे विमानवाहू नौकेचा विषय निघाला की इथला पहिला प्रश्न ठरलेला असतो: एका बोटीच्या पैशात असे ड्रोन किती येतील? आणि त्यामागोमाग दुसरा: जी बोट एका क्षेपणास्त्राने बुडते, तिच्यावर वीस हजार कोटी काहून घालायचे?

प्रश्न रास्त आहेत. पण दोन्हींची मांडणी चुकली आहे. विमानवाहू नौका बुडवणं वाटतं तेवढं सोपं नाही, आणि ती उपयोगात आणणं वाटतं त्याहून पुष्कळ अवघड आहे. भारताने तिसरी बोट घ्यावी की नाही याचा निकाल या दुसऱ्या गोष्टीवर लागायला हवा. माझं मत आधीच सांगतो. आपल्याकडे दोन विमानवाहू नौका आहेत, जुनी विक्रमादित्य आणि नवी विक्रांत. नवी बोट बांधावी, पण ती विक्रमादित्यची बदली म्हणून, आताच्याच आकाराची. त्याआधी पाणबुड्या आणि आकाशातून पाहणारी नजर यांवर पैसा लागावा. तीन बोटींचं आणि ६५ हजार टनी अणुशक्तीवरच्या बोटीचं स्वप्न तूर्त बाजूला ठेवावं.

आधी ड्रोनचं पाहू. नागास्त्र-१ चं वजन ९ किलो, त्यात स्फोटकं साधारण १ किलो, पल्ला फार तर ३० किलोमीटर. ते पायदळाचं हत्यार आहे आणि त्या कामाला चोख आहे. ४५ हजार टनांच्या पोलादी बोटीला त्याने ओरखडाही येणार नाही. मोठे, दूरवर जाणारे ड्रोन घेतले तरी बोट बुडवायला पाण्याखाली भोक पाडावं लागतं, आणि विक्रांतच्या पोटात सुमारे २२०० वेगवेगळे कप्पे आहेत. एका कप्प्यात पाणी शिरलं म्हणून शेजारचा भरत नाही.

पण बोट न बुडवताही निकामी करता येते, आणि ड्रोनची खरी भीती तीच आहे. २९ जुलै १९६७ रोजी अमेरिकेच्या फॉरेस्टल या बोटीवर काय झालं ते पाहण्यासारखं आहे. शत्रू जवळपासही नव्हता. विमान बाहेरच्या विजेवरून स्वतःच्या विजेवर घेताना झटका बसला आणि पंखाखालचं एक रॉकेट सुटलं. ते समोर उभ्या असलेल्या विमानाच्या जादा इंधनटाकीत घुसलं. इंधन डेकवर पसरलं, पेटलं, आणि त्या आगीत त्याच सुमारास बोटीवर आलेले जुन्या साठ्यातले बॉम्ब सापडले. हे जुने बॉम्ब उष्णतेत लवकर फुटतात. दीड मिनिटाच्या आसपास पहिला बॉम्ब फुटला, आणि आग विझवायला पुढे सरसावलेलं प्रशिक्षित पथकच त्यात गेलं. मागून आलेल्यांना पद्धत ठाऊक नव्हती. एकीकडे फेस मारला जात होता, दुसरीकडे पाण्याच्या होसने तोच फेस वाहून जात होता. १३४ माणसं गेली, २१ विमानं नष्ट झाली. बोट तरंगत राहिली, दुरुस्त होऊन पुन्हा सेवेतही आली, पण त्या मोहिमेपुरती ती संपली.

म्हणजे ज्या डेकवर दहा-बारा विमानं इंधन आणि शस्त्रं भरून दाटीवाटीने उभी आहेत, तिथे एक छोटा स्फोटसुद्धा पुरतो. असं काही डेकपर्यंत पोचू न देणं हे काम बोट स्वतः करत नाही. ते सोबतच्या विनाशिका, हेलिकॉप्टरं आणि रडार करतात. विशाखापट्टणम वर्गाच्या चार विनाशिकांचा प्रकल्पच सुमारे ३५ हजार कोटींचा आहे. बोटीची किंमत सांगताना हा आकडा कोणी धरत नाही.

आता क्षेपणास्त्र. चीनच्या डीएफ-२१डी चा पल्ला साधारण १५०० किलोमीटर सांगतात, डीएफ-२६ चा ४००० च्या घरात. आकडे ऐकून छाती दडपते. पण क्षेपणास्त्राला आधी बोट कुठे आहे ते कळावं लागतं, आणि बोट एका जागी थांबत नाही. विक्रांतचा कमाल वेग २८ नॉट, म्हणजे तासाला ५२ किलोमीटर. उपग्रहाने एकदा टिपल्यावर तासाभराने ती ५२ किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळात कुठेही असू शकते. त्या वर्तुळाचं क्षेत्रफळ भरतं साडेआठ हजार चौरस किलोमीटर. नागपूर जिल्हा काटोलपासून उमरेडपर्यंत आणि सावनेरपासून हिंगण्यापर्यंत सगळा धरला तरी तो याहून थोडाच मोठा. दोन तास गेले की क्षेत्र चौपट, ३४ हजार चौरस किलोमीटर. क्षेपणास्त्र सुटल्यावर ते पोचेपर्यंतच्या बारा-पंधरा मिनिटांतही बोट दहा-तेरा किलोमीटर सरकलेली असते. म्हणून उपग्रह, टेहळणी विमान, नियंत्रण केंद्र आणि क्षेपणास्त्राचा स्वतःचा शोधक अशी अख्खी साखळी मिनिटामिनिटाला जुळून राहावी लागते. चीनने ती बरीच बांधत आणली आहे, हेही खरं. दक्षिण चीन समुद्रात शिरून चीनच्या किनाऱ्यावर हल्ले करण्याचा विचार आपल्या बोटीने करूच नये. तिचं ते कामच नाही.

ज्या धोक्याबद्दल मला जास्त काळजी वाटते, तो पाण्याला चिकटून येणाऱ्या क्षेपणास्त्राचा. इथे एक साधं गणित आहे. रडारची समुद्रसपाटीपासूनची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा. क्षेपणास्त्राच्या उंचीचंही काढा. दोन्हींची बेरीज ४.१२ ने गुणली की रडारला ते किती किलोमीटरवरून दिसेल हे कळतं. बोटीच्या मनोऱ्यावरचं रडार ३० मीटरवर आणि क्षेपणास्त्र पाण्यापासून ९ मीटरवर धरलं, तर उत्तर येतं सुमारे ३५ किलोमीटर. रडार कितीही महागडं आणा, पृथ्वीची गोलाई आडवी येते. आवाजाहून कमी वेगाचं क्षेपणास्त्र हे अंतर दोन मिनिटांच्या आत कापतं. ब्रह्मोससारखं आवाजाच्या अडीचपट वेगाने येत असेल तर हाती उरतात ४० सेकंद. तेवढ्यात ओळखायचं, ठरवायचं, प्रतिक्षेपणास्त्र सोडायचं, आणि ते चुकलं तर दुसरं.

तेच रडार ३००० मीटरवर नेलं की अंतर होतं २३८ किलोमीटर, आणि ४० सेकंदांची होतात साडेचार मिनिटं. संथ क्षेपणास्त्रासाठी तर तेरा. एप्रिल २०२२ मध्ये युक्रेनच्या नेपच्यून क्षेपणास्त्रांनी रशियाची मॉस्क्वा ही युद्धनौका बुडवली, तेव्हा तिच्यावर लांब पल्ल्याची हवाई संरक्षण यंत्रणा होती, पण वरून पाहून इशारा देणारं काही नव्हतं. १९८२ मध्ये फॉकलंडच्या लढाईत ब्रिटनच्या शेफील्ड या विनाशिकेला एक्झोसे क्षेपणास्त्र लागलं, तेव्हाही ब्रिटिश ताफ्याकडे अशी नजर नव्हती.

आपल्याकडे हे काम कामोव्ह-३१ हेलिकॉप्टर करतं. पोटाखालचा रडारचा पत्रा उघडून ते तीन-साडेतीन हजार मीटरवर जातं आणि सुमारे अडीच तास राहतं. जाण्या-येण्याचा वेळ वजा करून दोन तास धरले तर चोवीस तास पहाऱ्यासाठी दिवसाला बारा उड्डाणं हवीत. तीन-चार हेलिकॉप्टरांवर हा रतीब फार दिवस चालत नाही, कारण तासागणिक देखभाल लागते आणि खाऱ्या हवेत ती वाढते. अमेरिकेचं हॉकआय विमान याच कामासाठी दुपटीहून जास्त उंचीवर आणि जास्त वेळ उडतं, पण ते कॅटपल्टने, म्हणजे डेकवरून विमान गोफणीसारखं फेकणाऱ्या यंत्राने, फेकावं लागतं आणि आपल्या दोन्ही बोटींवर कॅटपल्ट नाही; तिथे डेकच्या टोकाला वर वळलेला उतार आहे, त्याला स्की-जंप म्हणतात. त्यावर उपाय निघू शकतो. हलकं रडार घेऊन आठ-दहा तास उडणारं मानवरहित विमान स्की-जंपवरून सोडता येईल असं बनवणं आज अशक्य कोटीतलं राहिलेलं नाही. तुर्कस्तानने २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये अनादोलू या आखूड डेकच्या, कॅटपल्ट नसलेल्या बोटीवरून टीबी-३ ड्रोन उडवून परत उतरवला. विमानवाहू नौकेला ड्रोन संपवणार असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. ड्रोनलाही कुठूनतरी उडावं लागतं.

पाणबुडीची गोष्ट वेगळी. २ मे १९८२ रोजी ब्रिटनच्या कॉन्करर पाणबुडीने अर्जेंटिनाची क्रूझर जनरल बेलग्रानो बुडवली, आणि अर्जेंटिनाची विमानवाहू नौका किनाऱ्याकडे निघून गेली ती लढाई संपेपर्यंत बाहेर आलीच नाही. तिच्यावर एक गोळी न झाडता ती बाद झाली. १९७१ मध्ये आपल्यालाही हा प्रश्न होता. तेव्हाच्या जुन्या विक्रांतचा एक बॉयलर तडकलेला, त्यामुळे वेग कमी, आणि पाकिस्तानची गाझी पाणबुडी तिच्या शोधात बंगालच्या उपसागरात आलेली. विक्रांत अंदमानात दडवली, विशाखापट्टणमला ती असल्याचा बनाव केला. गाझी विशाखापट्टणमजवळ बुडाली, आणि ४ डिसेंबरपासून विक्रांतच्या सी हॉक विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगावचे धक्के, विमानतळ झोडपून काढले. त्याच युद्धात पश्चिमेला आपली खुकरी ही युद्धनौका मात्र पाकिस्तानच्या हंगोर पाणबुडीने ९ डिसेंबरला बुडवली. आता चिनी आराखड्याच्या आठ पाणबुड्या पाकिस्तान घेतो आहे आणि त्या वर्गाचं नाव हंगोरच ठेवलं आहे. पृष्ठभागावर न येता या पाणबुड्या बरेच दिवस खाली राहू शकतात.

आपलं काय? १९९९ च्या तीस वर्षांच्या आराखड्यात २४ पाणबुड्या होत्या. माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या कलवरी वर्गाच्या सहा पाणबुड्यांपैकी शेवटची, वागशीर, जानेवारी २०२५ मध्ये दाखल झाली. पुढच्या सहा पाणबुड्यांचा पी-७५आय प्रकल्प वर्षानुवर्षं कागदांवर फिरला, आणि तेवढ्यात जुन्या सिंधुघोष वर्गाच्या पाणबुड्या वयाने गळत चालल्या. अणुशक्तीवर चालणाऱ्या दोन हल्लेखोर पाणबुड्यांना २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये मंजुरी मिळाली, पण त्या येतील पुढच्या दशकात. शत्रूला बंदरातून बाहेर पडू न देणं हे काम पाणबुडी विमानवाहू नौकेपेक्षा स्वस्तात करते. आणि ज्या ताफ्याकडे पाणबुड्या कमी, त्याची विमानवाहू नौका अर्जेंटिनाच्या वाटेने जाण्याची शक्यता जास्त.

आता विमानं. या भागावर मराठी वर्तमानपत्रांत फारसं लिहिलं जात नाही, म्हणून जरा सविस्तर. आताची नवी विक्रांत २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीत दाखल झाली. २६२ मीटर लांब, ६२ मीटर रुंद, सुमारे २० हजार कोटी. तिचं खास पोलाद सेलच्या कारखान्यांतून गेलं, त्यात आपल्या शेजारचं भिलाईही आहे. पण मिग-२९के हे तिचं लढाऊ विमान तिच्या डेकवर पहिल्यांदा उतरलं ते फेब्रुवारी २०२३ मध्ये. विदर्भाच्या वाचकाला हे समजावून सांगायची गरज नाही, त्याने गोसीखुर्द पाहिलं आहे: धरण उभं, पाणी अडलं, कालवे-वितरिका मात्र मागून.

मिगचं दुखणं जुनं आहे. कॅगच्या २०१६ च्या अहवालात या विमानांची उपलब्धता १५.९३ ते ३७.६३ टक्के नोंदली आहे. म्हणजे दहापैकी फार तर चार विमानं उडण्याच्या स्थितीत. याच अहवालात आराखड्यातल्या दोषांमुळे ४० इंजिनं मागे घ्यावी लागल्याची नोंद आहे. असं का होतं हे डेकवरची उतरण पाहिली की कळतं. जमिनीवरच्या धावपट्टीवर वैमानिक शेवटच्या क्षणी नाक उचलून विमान अलगद टेकवतो. डेकवर ती सोय नाही. ताशी २४० किलोमीटरच्या आसपासच्या वेगात विमान ठरलेल्या कोनात थेट आदळवायचं, शेपटीखालचा हुक तीनपैकी एका तारेत अडकला पाहिजे, आणि त्याच क्षणी इंजिन पूर्ण जोरात करायचं, कारण हुक चुकला तर पुढे डेक संपतो आणि परत उडावं लागतं. अडकला तर शंभरएक मीटरच्या आत विमान थांबतं. हे हिसके चाकांचे दांडे, इंजिनाच्या बैठका, नळ्या, विजेचे जोड सगळ्यांना बसतात. जमिनीवरच्या विमानाला थोडेफार बदल करून डेकवर आणलं की तो हिशेब देखभालीच्या शेडमध्ये चुकता होतो.

उड्डाणातही अशीच कात्री आहे. स्की-जंपवरून उडताना विमानाचं वजन मर्यादित ठेवावं लागतं. इंधन पूर्ण भरलं तर शस्त्रं कमी, शस्त्रं पूर्ण लावली तर इंधन कमी. वारा पडलेला असेल तर बोट पूर्ण वेगाने समोर पळवून तो वारा तयार करावा लागतो.

म्हणूनच २८ एप्रिल २०२५ रोजी २६ राफेल मरीनचा करार झाला. किंमत सुमारे ६३ हजार कोटी, म्हणजे बोटीच्या तिप्पट. शस्त्रं, सुटे भाग, प्रशिक्षण धरून. त्यातली चार विमानं दोन आसनी आहेत आणि ती डेकवरून चालत नाहीत, उरली २२. शिवाय मिगचे पंख घडी होतात, राफेलचे होत नाहीत. विक्रांतच्या लिफ्ट मिगच्या मापाने बेतल्या आहेत, त्यामुळे राफेल डेकवरून हँगरमध्ये नेणं ही प्रत्येक वेळी मापात बसवायची कसरत ठरणार. हीच विमानं, देखभाल-दुरुस्तीत असतील ती वजा करून, दोन बोटींवर वाटली, तर एकेका बोटीवर हाती किती उरतील याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. तिसरी बोट आली तर तिच्यावर काय उभं करायचं?

मग बोट कशाला हवी, असं कोणी म्हणेल. त्याचं उत्तर नकाशात आहे. जनरल बिपिन रावत यांनी २०२० मध्ये बेटांवरच्या धावपट्ट्यांचा पर्याय मांडला होता, आणि पूर्वेपुरता तो बरोबरच होता. ग्रेट निकोबारवरच्या कॅम्पबेल बे इथल्या नौदलाच्या धावपट्टीवरून मलाक्काच्या सामुद्रधुनीच्या तोंडावर नजर ठेवता येते. तिथे बोट उभी करणं म्हणजे दुहेरी खर्च. पण पश्चिमेला आणि दक्षिणेला, एडनच्या आखातापासून मोझांबिकच्या खाडीपर्यंत, आपल्या लढाऊ विमानांना उतरायला जागा नाही. मॉरिशसच्या अगालेगा बेटावर २०२४ मध्ये आपण बांधून दिलेली धावपट्टी सुरू झाली, पण ती दुसऱ्या देशाची जमीन आहे, युद्धात तिथून हल्ले करता येतीलच असं धरून चालता येत नाही. खाडी देशांतून येणारं आपलं तेल याच बाजूने येतं. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या वेळी विक्रांतचा ताफा अरबी समुद्राच्या उत्तर भागात होता. पाकिस्तानी नौदल त्या काळात बहुतांशी किनाऱ्यालगतच राहिलं, असं आपल्या नौदलाने तेव्हा सांगितलं. बोटीचा खरा उपयोग असा असतो: एकही बॉम्ब न टाकता समुद्राचा एक मोठा तुकडा समोरच्याला बंद करणं.

तांबड्या समुद्रातला अमेरिकेचा अनुभवही वाचण्यासारखा आहे. येमेनमधल्या हुथी बंडखोरांच्या क्षेपणास्त्रांनी आणि ड्रोननी हॅरी ट्रुमन बोटीचं काही बिघडलं नाही. पण तिने तीन एफ-१८ गमावली. एक डिसेंबर २०२४ मध्ये सोबतच्याच क्रूझरने चुकून पाडलं, एक एप्रिल २०२५ मध्ये ओढून नेताना ट्रॅक्टरसकट समुद्रात गेलं, आणि मे महिन्यात एक डेकवर उतरताना थांबवता न आल्याने पाण्यात पडलं. सात-आठ महिने सलग ताणाखाली राहिलेली बोट अशा चुका करते. त्यासाठी बदली बोट हवी, आणि म्हणूनच नौदल ‘तीन असल्या तर दोन हाती राहतात’ असं म्हणतं. हा हिशेब चूक नाही. पण अमेरिकेच्या बोटी जगभर फिरतात. आपल्या बोटी घराजवळच असतात, मुंबई-कारवार-कोचीत तीन-चार दिवसांत परत येऊ शकतात. डागडुजीची वेळापत्रकं नीट लावली तर दोनमधली एक कायम हाती ठेवणं शक्य आहे. कोचीत जानेवारी २०२४ पासून ३१० मीटरची नवी सुकी गोदी आहे, मुंबईतही विमानवाहू नौकेसाठी गोदी २०१९ पासून आहे. जागा अडते असं आता म्हणता येत नाही. अडतात ते सुटे भाग.

६५ हजार टनी बोटीबद्दल एकच प्रश्न पुरेसा आहे: वीज कुठून आणणार? विद्युतचुंबकी कॅटपल्टला एका उड्डाणात काही सेकंदांसाठी कोट्यवधी वॅट लागतात. विक्रांतवर ३ मेगावॉटचे आठ डिझेल जनित्र आहेत, एकूण २४ मेगावॉट, तेही सगळं बोट चालवायला गुंतलेलं. तिची चार गॅस टर्बाइनं गिअरबॉक्समार्फत पंख्यांच्या दांड्यांना जोडलेली आहेत, त्यांची ताकद डेककडे वळवता येत नाही. म्हणजे कॅटपल्ट हवा तर आतली सगळी रचना नवी, बोट पुढे ढकलणारी यंत्रणा नवी, कदाचित अणुभट्टी. तेही आपण कधी न बांधलेल्या मापाची. चीनने फुजियान ही कॅटपल्टवाली बोट नोव्हेंबर २०२५ मध्ये दाखल केली म्हणून आपणही, हा हट्ट खर्चिक आहे. अमेरिकेची फोर्ड ही बोट सुमारे १३ अब्ज डॉलरची आणि तिच्या कॅटपल्टचे दोष निस्तरायला वर्षं गेली.

विक्रमादित्य मात्र थांबणार नाही. तिचा सांगाडा १९८२ मध्ये पाण्यात उतरला, १९८७ मध्ये ती सोव्हिएत नौदलात गेली, २०१३ मध्ये आपल्याकडे आली. मूळ ९७ कोटी डॉलरचा करार २३५ कोटींवर गेला, आणि २०१२ च्या चाचण्यांत आठपैकी सात बॉयलर निकामी झाले, कारण ॲस्बेस्टॉसऐवजी लावलेल्या विटांचं अस्तर उष्णतेत टिकलं नाही. वाफेवर चालणारी ही बोट २०३० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ओढणं हीच मोठी गोष्ट. विक्रांतचा कणा २००९ मध्ये ठेवला आणि ती २०२२ मध्ये आली, तेरा वर्षं. आराखडा तोच ठेवला तर काही वर्षं वाचतील, पण नऊ-दहा तरी धराच.

तेव्हा क्रम असा हवा. पी-७५आय पाणबुड्या पैशासाठी अडू नयेत, त्यासोबत डेकवरून उडणारं रडारवाहू मानवरहित विमान, मग विक्रांतचीच सुधारित आवृत्ती. लिफ्ट मोठ्या, हँगर राफेलच्या मापाचा, ड्रोनसाठी जागा, बाकी आहे तसं. ही मागणी कोचीला लवकर गेली पाहिजे. विक्रांतवर हात बसलेले वेल्डर, तारतंत्री आणि नळजोडणीवाले रिकामे बसून राहत नाहीत, आखातातल्या गोद्या त्यांना उचलतात. विक्रांतचं पोलाद जोडायची पद्धत शिकायलाच सुरुवातीची काही वर्षं गेली होती. ती माणसं पांगली तर दुसऱ्या बोटीलाही तेरा वर्षं लागतील, आणि मधल्या काळात विक्रांत एकटी उरेल.